मरणोन्मुख राजकन्येची प्रकृती

जळगावच्या माणसाने अजिंठा पाहिलेला असतो अशी बाहेरगावच्या लोकांची समजूत आहे. ती खरी नाही. जळगावचा माणूस अजिंठा दाखवतो. पाहायला म्हणून तो कधी गेलेलाच नसतो. दिवाळीत आणि नाताळात आमच्या मेहरूणला जी पाहुणेमंडळी उतरतात त्यांना पहिल्या दिवशी तलावाची फेरी, दुसऱ्या दिवशी भरीत-पुरी आणि तिसऱ्या दिवशी अजिंठा, असा आमच्या घरचा कार्यक्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. मधे कुठेतरी मेहरूणची बोरे येतात. पण ती कार्यक्रमात धरायची नसतात, कारण त्यातली चांगली निवडून आम्ही आधीच खाल्लेली असतात.

आजवर मी अकरा वेळा अजिंठा दाखवला. यजमानाला तिथे दिसतात त्या फक्त पायऱ्या. पाण्याच्या बाटल्या मोजणे, माकडांपासून शेंगदाण्यांची पुडी वाचवणे, आणि पाहुण्यांपैकी गुडघे दुखणारे कितवे लेणे आले की खाली बसतील याचा अंदाज बांधणे ही कामे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून कलास्वादाची अपेक्षा करणे म्हणजे लग्नघरच्या आचाऱ्याला मंगलाष्टकांचे वृत्त विचारण्यासारखे आहे.

बाराव्या वेळी नाशिकची आत्या आली आणि सगळे बिघडले.

आत्या ऐंशीच्या पुढची. डोली करू म्हटले तर "मला खांद्यावर घ्यायची वेळ अजून आलेली नाही" म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढून गेली. सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन दगडी हत्ती आहेत. त्यातल्या एकाच्या पाठीवर हात ठेवून तिने दम खाल्ला. आत शिरल्यावर गाइडने आम्हाला डाव्या भिंतीपाशी उभे केले, बॅटरीचा झोत एका स्त्रीच्या कललेल्या चेहऱ्यावर सोडला आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, "ही जगप्रसिद्ध मरणोन्मुख राजकन्या. डाइंग प्रिन्सेस."

आमच्या घोळक्यातून एकदम 'च् च्' असा आवाज निघाला. अजिंठ्याला येणारा प्रत्येक घोळका या जागी हा आवाज काढतो. अकरा वेळा मीही काढला होता. आत्याने काढला नाही.

"कशानं मेली?" तिने विचारले.

"दुःखानं, आजी."

"दुःखानं कुणी मरत नसतं. बाळंतपण होतं का? की पटकी?"

गाइड सतराव्या लेण्याकडे निघाला. तेव्हा आत्या माझ्याकडे वळली. "अरे, तू एवढा शिकलास. घरापासून साठ किलोमीटरवर एक बाई दीड हजार वर्षं मरायला टेकलीय, आणि तिला झालंय काय हे तुला ठाऊक नाही?"

हा प्रश्न कुठल्याही कलासमीक्षकाने विचारलेला मी वाचला नव्हता. समीक्षक रेषा बघतात, रंग बघतात, लय बघतात. पेशंटला काय झाले आहे हे विचारत नाहीत. मंगळवारी मी कॉलेजच्या लायब्ररीत गेलो. मंगळवारी अशासाठी की लायब्ररी रविवारी बंद होती, आणि सोमवारी चित्रावरच पुन्हा एक नजर टाकावी असे ठरवले तर लेणी सोमवारी बंद असतात. आमच्या भागात ज्ञानाची सुटी रविवारी आणि कलेची सोमवारी असते.

हे कॉलेज कोणते ते मी सांगणार नाही. जळगावात कॉलेजांना तोटा नाही आणि लायब्ररी सगळीकडे सारखीच असते: पुढे वर्तमानपत्रे, मधे स्पर्धा परीक्षेची मुले, मागे पुस्तके. बाहेरच्या माणसाला आत बसायचे तर अर्ज लागतो. अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना होता. मी लिहिले, 'आजाराच्या कारणाचा शोध.' ग्रंथपालबाईंनी तो वाचला आणि सहानुभूतीने म्हणाल्या, "सर, सिव्हिल हॉस्पिटल पलीकडे आहे."

पेशंट पाचव्या शतकातली आहे हे पटवून दिल्यावर बाईंनी मला कॉम्प्युटरवर बसवले. मी 'अजिंठा' असे टाइप केले. एकच पुस्तक निघाले: ना. धों. महानोरांचे काव्य. ते मी वाचलेले होते, आणि ते लेण्यांपेक्षा गिल साहेब आणि पारोच्या प्रेमाबद्दल आहे. मग 'अजंठा' टाइप केले. तीन पुस्तके आली. 'अजंता' केल्यावर आणखी चार. इंग्रजी स्पेलिंगने केल्यावर उरलेली. एकाच लेण्यांना आम्ही चार नावांनी हाका मारतो आणि प्रत्येक नावाची पुस्तके निराळी. त्यातून ही लेणी आहेत खरी लेणापूर गावाजवळ. पण 'लेणापूर' टाइप करण्याचे धाडस मला झाले नाही.

"कॉम्प्युटरवर सगळं नाही चढलेलं," बाई म्हणाल्या. "जुनं काही हवं असेल तर कार्डाचे ड्रॉवर बघा. नाहीतर मामांना विचारा."

मामा म्हणजे शिपाई. पस्तीस वर्षे त्यांनी ही कपाटे पुसली आहेत आणि पुस्तके ते विषयावरून ओळखत नाहीत, वजनावरून ओळखतात. याजदानी म्हणताच ते म्हणाले, "ते होय! ते काढायला दोघं लागतात." गुलाम याजदानी निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख. त्यांचा अजिंठ्यावरचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला, आणि प्रत्येक भागाच्या मजकुराबरोबर चित्रांचा वेगळा गठ्ठा. मामांनी आणि मी मिळून एकेक भाग टेबलावर आणला. नंतर माझे खांदे दोन दिवस दुखत होते. संशोधनात अंगमेहनत असते हे मी ऐकून होतो; ती अशी असते हे माहीत नव्हते.

आता या बाईला 'मरणोन्मुख' ठरवले कुणी? या नावाला खरी प्रतिष्ठा दिली ती जॉन ग्रिफिथ्स यांनी. हे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले साहेब. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. हे कामही त्यांच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून आयुष्यभर केले होते. गिल साहेबांच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. ग्रिफिथ्सच्याही पुष्कळशा नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. लंडनमध्ये चौकीपहाऱ्यात ठेवलेल्या नकला जळत होत्या, आणि मूळ चित्रे वटवाघळे, ओल, धूर आणि आमचे पाहुणे इतके सगळे सोसून भिंतीवरच होती. (गिल साहेब १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. म्हणजे ते आमच्याच जिल्ह्याचे झाले.)

ग्रिफिथ्सनी उरलेल्या सामग्रीतून १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड काढले. या राजकन्येबद्दल त्यांचे मत असे, की फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगले केले असते, व्हेनिसच्याने रंग अधिक चांगले भरले असते, पण यापेक्षा जास्त भाव त्या दोघांपैकी कुणालाच आणता आला नसता. झाले! तेव्हापासून जे पुस्तक उघडावे त्यात फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येऊन बसलेले. लेखक कोल्हापूरचा असो की कलकत्त्याचा, त्याने फ्लॉरेन्स पाहिलेले असो वा नसो, या बाईच्या उशापायथ्याशी तो इटलीची दोन शहरे ठेवतोच. पण ती का मरते आहे, याबद्दल जवळपास सगळ्यांचे मौन. जणू सुंदर स्त्रीला मरायला कारण लागतच नाही.

माझ्या शेजारी स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा बसला होता. मी काय शोधतो आहे ते पाहून त्याने मान वर न करताच सांगितले, "सर, सोळा नंबर. डाइंग प्रिन्सेस, वाकाटक, वराहदेव. पाठ आहे."

"पण तिला झालं काय होतं?"

"ते सिलॅबसला नाही."

तिसऱ्या दिवशी मला उलगडा झाला, आणि तो कलेच्या कपाटात झाला नाही. लायब्ररीत पुस्तके डयुई नावाच्या एका अमेरिकन माणसाच्या पद्धतीने लावतात. त्याने जगातले सगळे ज्ञान दहा खणांत घातले. चित्रकला सातशेच्या घरात, बौद्ध धर्म २९४ मध्ये, संस्कृत साहित्य ८९१ मध्ये, प्राचीन भारताचा इतिहास ९३४ मध्ये. पद्धत चांगली आहे, पण ही बाई तिच्यात सापडली आणि तिचे चार तुकडे झाले. तिचा चेहरा सातशेत. तिच्या नवऱ्याचा ठावठिकाणा २९४ मध्ये. ती का रडते आहे ते ८९१ मध्ये. आणि ज्याने ती राहते ते घर बांधून दिले तो घरमालक, म्हणजे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, तो ९३४ मध्ये. (वराहदेवाचा शिलालेख लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. तो वाचण्याचे कष्ट वा. वि. मिराशींनी केले आणि वाकाटकांवर त्यांनी मराठीतही लिहिले, त्यामुळे आपण पन्नास पानांत मोकळे होतो.) चारही कपाटांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या. पण गेल्या कित्येक वर्षांत त्या एकाच दिवशी कुणी मागितल्या नव्हत्या, असे मामा म्हणाले.

८९१ मध्ये, खालच्या खणात, डांबरगोळ्यांच्या वासात अश्वघोषाचे 'सौन्दरनन्द' होते. शेवटची तारीख मारलेला कागद कोराच. अठरा सर्गांचे महाकाव्य, आणि आजवर ते कुणी घरी नेले नव्हते.

गोष्ट अशी आहे. भगवान बुद्धांचा सावत्र भाऊ नंद. देखणा, राजवाड्यात राहणारा. त्याची बायको सुंदरी. नवे लग्न, आणि दोघांचे एकमेकांवर इतके प्रेम की वाचणाऱ्याने दार वाजवून आत यावे. ती गालावर विशेषक काढते आहे. विशेषक म्हणजे चेहऱ्यावरची रंगीत नक्षी. नंदाला तिने आरसा धरायला दिला आहे, आणि हा मुद्दाम आरशावर फुंकर मारून तो धुरकट करतो. ती रागावते, कानावरचे कमळ काढून त्याला मारते. मग तो पाया पडतो. हे सगळे चाललेले असताना बुद्ध भिक्षेसाठी दारात येऊन उभे राहतात. पण घरातल्या दासी कुणी उटणे वाटते आहे, कुणी कपड्यांना धूप देते आहे, कुणी हार गुंफते आहे. दारात पाहुणा आहे हे कुणी बघत नाही. तो रिकाम्या हाताने परत जातो. (खानदेशात ही गोष्ट सांगताना इथे थांबावे लागते. पाहुणा न जेवता गेला, याचेच वाईट ऐकणाऱ्याला आधी वाटते.)

नंदाला कळते तेव्हा तो माफी मागायला धावतो. सुंदरी म्हणते, जा, पण ही नक्षी ओली आहे तोवर परत ये. तो जातो. वाटेत बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हातात देतात. आता ते कसे परत करायचे? तो मागे मागे चालत राहतो आणि विहारात पोचतो. तिथे रडत रडत त्याचे मुंडण होते. इकडे सुंदरी सज्जात वाकून वाट बघते. नक्षी वाळते. आधी तिला वाटते, दुसरी कुणी भेटली. मग एक बाई येऊन सांगते, दुसरी कुणी नाही, त्याने दीक्षा घेतली. सुंदरी कोसळते.

म्हणजे सोळाव्या लेण्यातली बाई राजकन्या नाही, राजघराण्यातली सून आहे. आणि ती मरणोन्मुख नाही. तिला घेरी आली आहे. तीन शब्दांच्या चित्रनामात दोन चुका, आणि तिसरा शब्द 'द' आहे.

पंडितांना हे पुष्कळ वर्षांपूर्वीच समजले आहे; नंदाच्या कथेतले इतर प्रसंगही त्याच बाजूच्या भिंतीवर आहेत. ग्रिफिथ्सना मात्र बोल लावता येत नाही. 'सौन्दरनन्द' नेपाळातल्या हस्तलिखितांवरून हरप्रसाद शास्त्रींनी कलकत्त्याला छापले ते १९१० साली. ग्रिफिथ्सचे खंड निघाले तेव्हा सुंदरीचे रडणे नेपाळात कुलूपबंद होते. नंदाची कथा पाली ग्रंथांतून थोडीफार माहीत होती, पण तिच्यात नायक नंद आहे, बायकोला फारशी जागा नाही. पुढ्यात एक कोसळलेली स्त्री, भोवती घाबरलेल्या बायका, आणि हाताशी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज माणसाला याहून मोठे दुःख सुचेना, म्हणून त्याने तिला मरायला लावले. नाव चुकले, पण नजर चुकली नाही. गोष्ट ठाऊक नसताना त्याला त्या चित्रातले दुःख बरोबर दिसले, आणि याचे निम्मे श्रेय चित्रकाराला असले तरी निम्मे मी त्यालाच देईन.

आपण तरी काय निराळे करतो? गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू शेवटच्या अंकात मरते म्हणून शंभर वर्षे थिएटर रडते आहे. ती जगली असती, आणि दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा जात्यावर बसली असती, तर आपण रुमाल काढला नसता. बाईचे दुःख तिच्या मरणाशिवाय आपल्याला पुरेसे वाटत नाही.

हे समजल्यावर मी बुधवारी एकटाच एस.टी.ने फर्दापूरला गेलो. पाण्याची एकच बाटली घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा अजिंठा पाहायला म्हणून गेलो. चित्राचे बरेच रंग उडाले आहेत, गिलाव्याचे पापुद्रे गेले आहेत, उजेड बेताचा. पण गोष्ट हाताशी असली की काय काय दिसते! ती आसनावर कलली आहे, मान ढळली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, बोटांतला जीव गेला आहे. एक दासी मागून तिला सावरते. दुसरी तिला धरून तोंडाकडे टक लावून बघते आहे. आणि एक जण वारा घालते आहे. वारा! घेरी आलेल्या माणसाला वारा घालतात हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. दीडशे वर्षे हा पंखा त्या भिंतीवर हलतो आहे आणि त्याच्यासमोर उभे राहून आपण बाईला मरणाच्या दारात बसवतो.

पण या चित्राची खरी किल्ली पंखा नाही. ती बाजूला उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातात आहे. त्याच्या हातात मुकुट आहे. नंदाचा.

अश्वघोषाच्या काव्यात बातमी तोंडाने येते. एक बाई बोलते, सुंदरी ऐकते. कवीला ते सोपे आहे, त्याच्याजवळ शब्द आहेत. भिंतीला तोंड नाही. चित्रकाराने काय केले, तर माणूस आलाच नाही आणि त्याचा मुकुट तेवढा आला. डोके नसलेला मुकुट बघितल्यावर कुणी काही सांगावे लागत नाही. कवीने एक सर्ग खर्च करून जे साधले ते याने एका वस्तूत बसवले, आणि तीही चित्राच्या मधोमध ठेवली नाही, कडेला ठेवली, म्हणजे नजर आधी बाईवर जाते, मग तिच्या भोवतीच्या बायकांवर, आणि सगळ्यांत शेवटी कारणावर. दुःख आधी आणि बातमी मागून. घरातल्या माणसांना ते तसेच कळते. आईचा चेहरा आधी दिसतो, तार नंतर वाचतात. माझ्या मते या बाबतीत चित्रकाराने कवीवर मात केली आहे, आणि संस्कृतच्या प्राध्यापकांनी मला यासाठी क्षमा करावी.

आणि हाच मुकुट आपण बघत नाही. कारण चित्राचे नाव 'मरणोन्मुख राजकन्या' आहे. नाव जिथे बोट दाखवते तिथे गाइडची बॅटरी जाते. बाराही वेळा झोत तिच्या चेहऱ्यावर पडला होता. मुकुटवाला अंधारात उभा होता. नव्या पुस्तकांतून नाव सुधारले आहे, ही चांगली गोष्ट. पण सुधारून केले काय, तर 'नंदाची दीक्षा'! म्हणजे इतकी वर्षे बाई निदान आपल्या मरणाची तरी मालकीण होती. आता ती नवऱ्याच्या चरित्रातला एक प्रसंग झाली. ज्या चित्रात नंद नाही, नंद नाही हेच ज्या चित्रात घडते आहे, त्या चित्रालाही नाव नंदाचेच.

रात्री मी आत्याला फोन केला.

"आत्या, ती मेली नाही. तिला चक्कर आलीय."

"मला वाटलंच. नाडी बघायला वैद्य कुठं होता तिथं? नवऱ्याचं काही का?"

मी सगळी गोष्ट सांगितली. ओली नक्षी सांगितली, भिक्षापात्र सांगितले. ती नुसती हं हं करत होती. मुकुटाशी आलो तेव्हा हं हं थांबले. फोन कट झाला असे वाटून मी दोनदा हॅलो म्हटले.

"आमच्याकडे घड्याळ आलं होतं," आत्या म्हणाली.

१९७१ साली आत्याचे यजमान नोकरी सोडून नर्मदा परिक्रमेला गेले, हे आम्हा मुलांना माहीत होते. कसे गेले ते माहीत नव्हते. सकाळी भाजी आणायला म्हणून निघाले होते. संध्याकाळी शेजारच्या गृहस्थांच्या हाती मनगटावरचे घड्याळ पाठवले. निरोप असा की आता वेळेची गरज उरली नाही.

"मग?"

"मग काय? घेरी आली. खाली बसले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून उठले."

परिक्रमा शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची असते. ती पुरी करून आत्याचे यजमान आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, चहा टाक. तोवर आत्याने पापड लाटून आणि शिवणाचे मशीन चालवून दोन मुलांच्या शाळा केल्या होत्या. चहा तिने टाकला. घड्याळ परत दिले नाही. ते मुलाच्या मनगटावर होते.

"त्या सुंदरीचं पुढं काय झालं?" तिने विचारले. "ते नाही का लिहिलं तुझ्या पुस्तकात?"

हा प्रश्नही कुठल्या समीक्षकाने विचारलेला मी वाचला नव्हता. मी पुन्हा लायब्ररी गाठली. अश्वघोष सहाव्या सर्गात तिला रडती ठेवून निघतो तो मागे वळून बघत नाही. पुढचे बारा सर्ग नंदाचे. नंदाची उदासी, नंदाची स्वर्गाची सफर, तिथल्या अप्सरा, त्यांच्यापुढे सुंदरी म्हणजे हिमालयात दिसलेली ती एकाक्ष माकडीण अशी नंदाची कबुली, मग अप्सरांचाही वीट, मग ज्ञानप्राप्ती. सगळे आटोपल्यावर अगदी अखेरच्या सर्गात कवीला एका श्लोकापुरती आठवण येते: तुझा निश्चय ऐकून घरी तुझी पत्नीही तुझे अनुकरण करील आणि बायकांना वैराग्याच्या गोष्टी सांगेल, असे बुद्ध नंदाला सांगतात. बस्स. तिला कुणी विचारले असे दिसत नाही. काव्य थोर आहे. उपमा तर अशा की पानापानाला थांबावे. पण या एका हिशेबात मी चित्रकाराच्या बाजूचा आहे. तो पुढचे काही सांगत नाही, पण तिला सोडूनही जात नाही. दीड हजार वर्षे तो तिथेच आहे, आणि पंखाही हलतो आहे.

आत्याला मी तो श्लोक सांगितला. "वैराग्य सांगायला वेळ कुठला बाई तिला," ती म्हणाली. "घर कोण बघत होतं?"

स्पर्धा परीक्षेच्या मुलालाही मी सगळे सांगितले. त्याने वही मिटून लक्षपूर्वक ऐकले, त्याला आवडले असावे, आणि मग अडचण सांगितली. "सर, पेपरात ऑप्शन 'मरणासन्न राजकुमारी' असाच येणार. मी सुंदरी कुठं लिहू? चुकलं की पाव मार्क जातो." मी त्याला आग्रह केला नाही. पाव मार्काने कलेक्टर व्हायचे राहून गेलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत.

ग्रंथपालबाईंना मात्र मी एक विनंती केली. कलेच्या कपाटाकडून संस्कृतच्या कपाटाकडे जायला एखादी वाट करून ठेवा. पुढच्या माणसाचे तीन दिवस वाचतील. बाईंनी कॉम्प्युटरवर बराच वेळ खटपट केली. त्यात तशी सोय सापडेना. शेवटी त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुने कोरे कार्ड काढले, वरच्या ओळीत सुवाच्य अक्षरात 'मरणोन्मुख राजकन्या' असे लिहिले आणि पेन थांबवून मला विचारले, "आणि खाली काय लिहू?"

"पहा: सुंदरी," मी म्हटले.

त्यांनी तसे लिहिले, थोडा विचार केला आणि कंसात स्वतःहून एक शब्द घातला: 'जिवंत'. मामांनी ड्रॉवर ओढला. कार्ड आता 'मराठी रंगभूमी'च्या अलीकडे आहे.